गुडघा खलास

मी दुबईला मुलगी बघायला चालले आहे हे सोसायटीत कळलं, तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या वहिनी मुद्दाम वर आल्या. "तुम्हाला एकच मुलगी, तिचंही लग्न झालेलं. मग ही बघायची कोणासाठी?" त्यांचं काही चुकत नव्हतं. आपल्याकडे मुलगी बघायची ती एकाच कामासाठी. मी त्यांना बसवून, चहा देऊन समजावलं, की मी बास्केटबॉलसाठी मुलगी बघायला जाते आहे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि जाताना दारातून विचारलं, "उंचीला बरी असेल ना?" म्हटलं, वहिनी, सध्या तेवढंच नक्की माहीत आहे.

मी आयुष्यभर कॉलेजच्या मुलींना बास्केटबॉल शिकवला. निवृत्त झाले तेव्हा शिटी खुंटीला टांगली आणि नातवंडांची वाट बघत बसले. तेवढ्यात पुण्यात मुलींची व्यावसायिक लीग सुरू व्हायची ठरली. सगळ्या टीम पुण्यातच राहणार, इथेच खेळणार. त्यातल्या एका टीमने मला खेळाडू पारखायच्या कामावर घेतलं. गल्लीत आपण भिडू वाटून घ्यायचो ना, "पहिला भिडू माझा, दुसरा तुझा," तसं या टीम आळीपाळीने कॉलेजच्या मुली निवडतात. त्याला ड्राफ्ट म्हणायचं. गल्लीत चुकीचा भिडू आला तर संध्याकाळ फुकट जायची, इथे टीमचं वर्ष जातं. आणि जिला कोणीच घेत नाही, तिचं काय जातं ते तिलाच माहीत.

मुक्ताचा व्हिडिओ मी घरी बसून पाहिला होता. जन्म दुबईचा, आईवडील मूळचे ठाण्याचे, पासपोर्ट भारतीय, शिक्षण अल ऐनच्या विद्यापीठात. व्हिडिओत ती सुरेख बास्केट टाकत होती, पण व्हिडिओत सगळ्याच टाकतात. चुकलेले शॉट कोणी जोडून पाठवत नाही. मला बघायचं असतं ते बास्केट हुकल्यावर पोरगी काय करते. ते बघायला समोर जावं लागतं. म्हणून हा प्रवास.

करामा

माझी मामेबहीण वृंदा दुबईच्या करामा भागात राहते. दुबई म्हणजे काचेचे मनोरे एवढीच माझी कल्पना होती, आणि वृंदाने गाडी थांबवली ती चार मजली जुन्या बिल्डिंगखाली. खाली उडप्याचं हॉटेल, शेजारी केरळी किराणा, त्याच्या शेजारी शिंपी. जिन्यात सांबाराचा वास. कठड्यावर कोणाच्या तरी उशा उन्हात टाकलेल्या. मला एकदम हायसं वाटलं. परदेशात आल्याचं दडपण जिना चढेपर्यंत उतरलं.

"यल्ला, यल्ला, चल लवकर, चप्पल काढू नकोस," वृंदा बॅग आत ढकलत म्हणाली. "पार्किंग संपतंय माझं. आधी चहा पिऊन येऊ. सामान नंतर लाव, खलास."

कोपऱ्यावरच्या टपरीसमोर गाडी उभी करून तिने नुसता हॉर्न वाजवला. आतून मुलगा धावत आला, दोन कागदी पेले देऊन गेला. "करक" असं त्या चहाचं नाव. "दोन दिरहम," वृंदा म्हणाली, आणि लगेच, "म्हणजे पन्नासच्या आसपास झाले बघ. इतकी वर्षं झाली, पण डोक्यातलं कन्व्हर्जन काही जात नाही." पहिला घोट घेतल्यावर माझ्या लक्षात आलं, की हा आपला कडक चहा. इथे येऊन त्याचं करक झालं, आणि अरब मंडळी तो आपलाच म्हणून पितात. चव मात्र अस्सल होती. मी दुसरा मागवला.

अल ऐन

दुसऱ्या दिवशी वृंदाने सुट्टी टाकली आणि मला अल ऐनला घेऊन निघाली. दुबई मागे पडली तशी वाळू पिवळीची तांबूस झाली, आणि कुंपणापलीकडे उंट दिसायला लागले. मी प्रत्येक उंटाला "ते बघ" म्हणत होते. वृंदाने शेवटी सांगितलं, की परतीलाही तेच आहेत, थोडे तेव्हासाठी ठेव. मग वाळवंटात मधेच हिरवं गाव सुरू झालं. चौकाचौकात गोल बागा, रस्त्याच्या कडेने खजुराची झाडं, मागे उघडाबोडका डोंगर. गावाला कसली घाई दिसत नव्हती. मुख्य म्हणजे पायी चालणारं कोणी दिसेना.

विद्यापीठाच्या जिममध्ये एसी इतका, की मी बाहेरच्या उन्हाला मनातल्या मनात माफ केलं. कोच रीम दारातच भेटल्या. जॉर्डनच्या, माझ्या खांद्याला लागतील एवढ्या, डोक्याला स्कार्फ, गळ्यात शिटी, आणि आवाज असा की शिटीची गरज नसावी. त्यांनी आधी मला बसवलं आणि छोट्याशा कपात बिनसाखरेची पिवळसर कॉफी दिली. मी प्यायले. लगेच कप भरला गेला. यजमानाला नाही कसं म्हणायचं म्हणून तोही प्यायले. पुन्हा भरला. आपल्याकडे पानावर आडवा हात धरतात, तसा मी कपावर धरला, तर त्यांना वाटलं मी हात शेकते आहे. मग वृंदाने माझ्या कानात सांगितलं, की कप हातात हलवायचा, म्हणजे पुरे. मी इतका जोरात हलवला की राहिलेली कॉफी माझ्याच साडीवर आली. रीम खो खो हसल्या आणि स्वतः ओला नॅपकिन घेऊन डाग पुसायला बसल्या. प्रतिपक्षाच्या कोचने माझी साडी पुसली असं माझ्या कारकिर्दीत कधी घडलं नव्हतं.

मुक्ता समोर आली. सहा फुटाला दोन बोटं कमी, लांब हात, केस घट्ट बांधलेले, डाव्या गुडघ्यावर काळा पट्टा.

"हाय मॅम, आय अ‍ॅम मुक्ता. मराठी सगळं समजतं मला. पण बोलले ना, की इट कम्स आउट फनी."

"माझं इंग्रजी पण तसंच येतं," मी म्हटलं. "तू इंग्रजीत बोल, मी मराठीत बोलते. दोघींची अब्रू राहील."

आदल्या संध्याकाळी त्यांचा सामना झाला होता. त्यामुळे मुख्य मुलींना त्या दिवशी पळायचं नव्हतं, नुसते उभ्या उभ्या फ्री थ्रो टाकायचे होते. मुक्ताचं मनगट असं काही वळायचं की बॉल जाळीत पडताना आवाजसुद्धा होत नव्हता. पण उभ्या उभ्या मनगट सगळ्यांचं चालतं. माझी नजर राहून राहून त्या काळ्या पट्ट्याकडे जात होती. मी तिला विचारलं, दुखतं का? "नो मॅम, आय अ‍ॅम गुड," ती म्हणाली. आता, दुखतं असं म्हणणारी खेळाडू मला अजून भेटायची आहे. माझ्या कॉलेजात एक मुलगी बोट मोडलेलं असताना "काही नाही मॅडम" म्हणत अख्खा सामना खेळली होती.

म्हणून मी रीमना बाजूला घेऊन विचारलं. "अँड हर नी?"

"द नी?" त्यांनी दोन्ही तळहात एकमेकांवर झटकले. "खलास! लास्ट इयर, बिग, बिग प्रॉब्लेम. डॉक्टर, एक्सरसाइज, एव्हरी डे क्रायिंग. नाऊ, खलास. हंड्रेड पर्सेंट खलास!"

शंभर टक्के खलास. स्वतःच्या खेळाडूबद्दल कोच इतकं स्पष्ट सांगते, वर हात झटकते, म्हणजे आता विचारायचं तरी काय उरलं? मला त्यांच्या प्रामाणिकपणाचं फार कौतुक वाटलं. आपल्याकडे कोच शेवटपर्यंत झाकून ठेवतात. निघताना त्यांनी खजुराचा एक मोठा डबा माझ्या हातात कोंबला, आणि मला वाटलं, बिचाऱ्या माझं सांत्वन करताहेत.

गाडीत वृंदाने विचारलं, कशी वाटली? आमच्या कामाचा नियम असा, की खेळाडूबद्दल बाहेर अवाक्षर काढायचं नाही. मी "बघू" एवढंच म्हटलं. आणि उंटांच्या जवळून जात असताना पुण्याला आमच्या टीमच्या मॅनेजरला, शिरीषला, मेसेज टाकला. "पोरगी गुणी आहे, पण गुडघा खलास. स्वतः कोच म्हणाली. यादीतून नाव काढा." परतीचे उंट मी पाहिले नाहीत.

बर दुबई

शुक्रवारी वृंदाने मला बर दुबई दाखवली. देवळाच्या जुन्या गल्लीत हार विकणारे बसलेले होते. मोगऱ्याचा वास आणि त्यात खाडीच्या पाण्याचा वास. मीना बाजारात कापडाच्या दुकानांत शिरलो, तर गल्ल्यावरचा सिंधी माणूस माझी साडी बघून चक्क मराठीत बोलायला लागला. "ताई, पैठणी इथं बघा, पुण्यात जाऊन भाव विचारा, मग मला शिव्या द्या." मी म्हटलं, घेतली नाही तर शिव्या कशाला देऊ? "म्हणूनच घ्या," तो म्हणाला. वृंदाने माझा दंड धरून मला बाहेर काढलं.

खाडी ओलांडायला अबरा नावाच्या लाकडी होडीत बसलो. कडेला पाठ टेकवायला काही नाही, माणसं मधे पाठीला पाठ लावून बसतात. माझ्या पाठीला कुठल्या देशाचा माणूस आहे ते बघता येत नव्हतं, पण नाव हलली की दोघंही एकमेकांना टेकून सावरत होतो. सोबतीला समुद्रपक्षी होते. इतकं छान होतं सगळं, आणि माझं मन त्यात लागत नव्हतं. कारण दुसऱ्या दिवशी मुक्ताच्या आईवडिलांनी जेवायला बोलावलं होतं. येण्याआधीच कबूल केलेलं. आता ज्या पोरीचं नाव मी काढून टाकलं, तिच्या घरी जाऊन कोणत्या तोंडाने जेवायचं?

वृंदा म्हणाली, तोंड असं का केलंयस, बोट लागली का? म्हटलं, हो, बोट लागली.

पुन्हा करामा

वृंदाच्या घरापासून मुक्ताचं घर चार गल्ल्या पलीकडे निघालं. दार तिच्या आईने उघडलं. मानसी, पन्नाशीच्या आतली, हसरी, ओढणी खोचलेली.

"या ना ताई. आधीच सांगते, पोहे मुद्दाम नाही केलेले हं!"

आतून मुक्ताचा आवाज आला, "मम्मा! सो एम्बरॅसिंग!"

मी हसले, आणि हसल्याबद्दल मला वाईट वाटलं. जेवण असं होतं की मला आणखी वाईट वाटलं. भरली वांगी, आळूचं फदफदं, साधं वरण, वर तूप-लिंबू. श्रीखंडाला चक्का बांधलाच नव्हता, कोपऱ्यावरच्या दुकानातून लबने नावाचं घट्ट दही आणून त्यात साखर आणि वेलची घोटली होती. मानसीने चोरटेपणाने कबूल केलं, की सासूबाईंना हे अजून माहीत नाही. मुक्ताचे वडील नितीन एका शिपिंग कंपनीत हिशेब बघतात. ते कमी बोलत होते आणि सारखं वाढत होते.

जेवताना त्यांनी सगळं सांगून टाकलं. मुक्ताला एका इन्शुरन्स ऑफिसात ट्रेनीची नोकरी लागली होती, उत्तर द्यायची मुदत ड्राफ्टच्या दुसऱ्या दिवशी. घरात ठरलं होतं, की ड्राफ्टमध्ये निवड झाली तर जा पुण्याला, आम्ही आडवे येणार नाही. नाही झाली तर बास्केटबॉल बंद, ऑफिस सुरू. "एकदाच चान्स द्यायचा ठरलाय, मॅडम," नितीन म्हणाले. "दरवर्षी दिला तर तिचंच लाइफ अधांतरी राहणार ना." मुक्ता पानाकडे बघत वरण-भात कालवत होती. मी श्रीखंडाची वाटी बाजूला सारली.

काहीतरी करायचं म्हणून मी पिशवीतून तो खजुराचा डबा काढला. वृंदाकडे न उघडता तसाच ठेवलेला. नितीननी त्यावरचं अरबी वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अरे वा! मॅडम, हे तर खलास!"

"खलास कसे?" मी म्हटलं. "डबा अजून फोडलाही नाही."

तिघंही हसायला लागले. मला कळेना काय झालं.

"नो नो, मॅम, इट्स द नेम," मुक्ता म्हणाली. "आपला हापूस असतो ना? लाइक दॅट. अल ऐनचे खलास. द बेस्ट वन्स."

"आणि तसं इथं सगळंच खलास असतं, ताई," मानसी म्हणाली. "काम झालं, खलास. भांडण मिटलं, खलास. माझी मायग्रेन गेली, खलास. म्हणजे सुटलो बाबा एकदाचे."

मी डबा हातात तसाच धरून बसले. मायग्रेन गेली, खलास.

"मुक्ता," मी म्हटलं. "तुझा गुडघा?"

"खलास, मॅम. लास्ट इयरच क्लिअर झाला."

"मग तो पट्टा?"

"ओह, दॅट? कोच रीम म्हणते, घालून ठेव, इट्स लकी."

नितीननी माझ्याकडे नीट बघितलं. माणूस हिशेबाचा, बेरीज लगेच जुळवली. "मॅडम, गुडघा खलास म्हणजे गुडघ्याचं दुखणं खलास. तुम्हाला काय वाटलं?"

मला काय वाटलं ते मी सांगितलं. काही लपवलं नाही, पुण्याला पाठवलेला मेसेजसुद्धा वाचून दाखवला. मानसीने पदर नसताना पदर तोंडाला लावावा तशी ओढणी तोंडाला लावली. मला वाटलं आता बोलणी बसणार, आणि ती मला हवीच होती. ध चा मा करणारे निदान जाणूनबुजून करतात. मी नकळत करून, वर स्वतःच्या निर्णयावर खूश होऊन आले होते. पण मानसी हसत होती. हसता हसता डोळे पुसत होती. "अहो, आम्ही नवीन आलो तेव्हा यांच्या बॉसने यांना 'खलास' म्हटलं, तर हे घरी येऊन बॅगा भरायला लागले होते," ती म्हणाली. "बॉस म्हणत होता, आजचं काम झालं, घरी जा."

तरी माझं समाधान होईना. एकदा तोंड पोळलं होतं. मी मुक्ताला म्हटलं, जमिनीवर मांडी घाल. ती बसली. आता हात न टेकता ऊठ. ती अशी उठली, की मी म्हटलं, पुन्हा. मग पुन्हा. आमच्या पिढीत गुडघा तपासायचा तो असाच. बैठकीतून हात न लावता उठला, तर तो गुडघा तुमचा.

संध्याकाळी दुबईतच तिचा सामना होता. आम्ही सगळे एका गाडीत कोंबून गेलो, वृंदासुद्धा. मी बॉल बघत नाही, पाय बघते. मुक्ता उडी मारून खाली यायची तेव्हा दोन्ही पाय एकदम, सारखे टेकायचे. जोडीदारणींना ओरडून जागा सांगत होती, एकीला हिंदीत, एकीला अरबीत, एकीला इंग्रजीत. आणि मग मला हवं होतं ते झालं. तिचा सोपा शॉट हुकला. ती डोक्याला हात लावत थांबली नाही. सगळ्यांच्या आधी मागे धावली, पलीकडच्या टोकाला पोचली आणि समोरच्या मुलीच्या हातून बॉल टिपला. शेजारी मानसी मराठीत ओरडत होती, "अगं पाय उचल, पाय!" आणि पुढच्या रांगेतले फिलिपिनो लोक वळून वळून बघत होते.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. पारखणाऱ्याने वाजवायच्या नसतात. पण त्या थंडगार हॉलमध्ये मला भरून आलं. खजुराच्या एका डब्याने, कुठल्या तरी परक्या शब्दाने आणि या घरातल्या हसण्याने मला केवढ्या पापातून वाचवलं होतं. देवाचे आभार मी सहसा घाऊक मानते, त्या दिवशी सुटे सुटे मानले.

रविवारचा फोन

सकाळी वृंदाच्या गॅलरीत उभं राहून मी शिरीषला फोन लावला. आदल्या संध्याकाळीच मेसेज टाकला होता, पण अशा गोष्टी बोलून मिटवाव्यात.

"मॅडम, गुरुवारी गेलेला गुडघा शनिवारी परत आला?" तो म्हणाला. "असा कसा गुडघा?"

मी सगळं सांगितलं. शिरीष हुशार मुलगा आहे, मला मान देतो, पण डोकं सतत पुढच्या खेळीत. माझं बोलणं संपलं, तसा त्याचा आवाज खुलला.

"मॅडम, हे तर लॉटरी लागल्यासारखं झालं. मी परवा चहावर बाकीच्या टीमवाल्यांना सांगून बसलो होतो, की दुबईवाली गेली, गुडघा खलास. शैला मॅडमनी तर माझ्यासमोर तिचं नाव खोडलं. आता कोणीच तिला उचलणार नाही. आपण गप्प बसायचं. आधी बाकीच्या चांगल्या मुली घ्यायच्या आणि शेवटच्या फेरीत हिला उचलायचं."

"आणि शेवटच्या फेरीपर्यंत आपल्या जागा भरल्या तर?"

"तर तिचं नशीब, मॅडम."

खाली उडप्याच्या हॉटेलात इडलीची भांडी उतरवत होते. मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले. त्या पोरीला एकदाच संधी होती, आणि ती माझ्या एका शब्दावर लटकली होती. तेही माझ्या चुकीच्या शब्दावर. शिरीषला मी म्हटलं, बाबा, आपल्या टीमचं गुपित मी बाहेर सांगणार नाही. आपण कोणाला घेणार ते माझ्या तोंडून निघायचं नाही. पण गावात जी खोटी गोष्ट फिरते आहे ती माझी आहे, आणि माझी मी परत घेणार.

"मॅडम, मग ती आपल्या हातून जाईल."

"जाईल," मी म्हटलं. "चांगली आहे, म्हणूनच जाईल."

त्याने फोन आपटला नाही, एवढे संस्कार त्याच्यावर आहेत. "तुमची मर्जी," म्हणाला आणि ठेवला.

मग शैलाला लावला. शैला आणि मी कॉलेजपासून समोरासमोर खेळलो. मैदानावर आमच्या कोपरांची ओळख आमच्या आधीची. ती आता दुसऱ्या टीमसाठी हेच काम करते.

"शैला, अल ऐनच्या मुलीचा गुडघा ठणठणीत आहे. मी ऐकण्यात चूक केली. डॉक्टरांचे कागद तिच्या कोचकडून मागव, माझ्यावर विसंबू नकोस."

"यात तुझा डाव काय?" तिने विचारलं.

"काही नाही."

"तू खोटं कधी बोलली नाहीस," शैला म्हणाली. "चुकतेस मात्र भरपूर. कोचचा नंबर पाठव."

वृंदा आतून चहा घेऊन आली. तिला सगळा प्रकार माहीत झाला होता. माझ्या हातात कप देऊन ती शेजारी उभी राहिली. त्या दुपारी विमानतळावर सोडताना तिने मला मिठी मारली, तेव्हा मी तिचे आभार मानायला लागले, तर म्हणाली, यल्ला, जा आता, मागे गाड्या हॉर्न मारताहेत.

पुणे

ड्राफ्ट हॉटेलच्या हॉलमध्ये झाला. गोल टेबलं, प्रत्येक टेबलावर टीमचा झेंडा, पाण्याच्या बाटल्या, आणि पुढे पडद्यावर नावं. शिरीष माझ्या शेजारी बसला होता. त्या फोननंतर आम्ही कामापुरतं बोलत होतो. मात्र एक गोष्ट त्याने माझ्यासाठी केली, ती मी विसरणार नाही. मुक्ताचं नाव त्याने पुन्हा घेतलं होतं, आणि शेवटच्या फेरीला ठेवलं नव्हतं. आमची पाळी तिसरी होती, आणि तिसऱ्या पाळीला तीच घ्यायची, असं त्याने मला सकाळी जिन्यात सांगितलं.

पहिल्या टीमने चंदीगडची मुलगी घेतली. दुसरी पाळी शैलाच्या टीमची. शैला उठली, माईकजवळ गेली, आणि माझ्याकडे न बघता मुक्ताचं नाव घेतलं.

शिरीषने टेबलावर कपाळ टेकलं. आणि मी टाळ्या वाजवल्या. आमच्या टेबलावरून, आमच्याच झेंड्याशेजारी बसून, जोरात. चार टेबलांवरची माणसं बघायला लागली, म्हातारीला झालं काय. मला थांबता येईना. शिरीषने डोकं वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि मग, काय वाटलं कोणास ठाऊक, दोन टाळ्या त्यानेही वाजवल्या.

तेवढ्यात फोन वाजला. करामाहून मानसी. मी बाहेर पॅसेजमध्ये गेले. पलीकडून आधी नुसता गोंधळ ऐकू आला. मुक्ता किंचाळत होती, नितीन तिला "अगं खालचे लोक" म्हणत होते, आणि मानसी रडत होती.

"ताई, घेतलं! दुसऱ्या नंबरला घेतलं!"

"बघितलं मी. इथेच आहे."

"पण म्हणजे," ती नाक पुसत म्हणाली, "ती तुमच्याकडे नाही?"

"नाही. समोरच्या टीममध्ये."

मागचा गोंधळ थांबला. मग इतके दिवस मनात ठेवलेला प्रश्न तिने हळूच विचारला. "इथून कधी एकटी कुठे गेली नाही हो ती. पुण्यात आमचं कोणी नाही. तिला तिथे आपलं म्हणायला कोण?"

हॉलचं दार उघडंच होतं. आत तिसऱ्या पाळीसाठी आमच्या टीमचं नाव पुकारत होते आणि शिरीष मला हाताने बोलावत होता. मी त्याला थांब म्हणून खूण केली.

"मी," मी म्हटलं. "माझ्या टीमला ती हरवेल त्या दिवशीसुद्धा, जेवायला माझ्याकडेच येईल."